सलाम नको, हिशेब सांगा

मार्च उजाडला की माझ्या मोबाइलला गुलाबी रंगाचा ताप चढतो. ८ तारखेच्या दोन दिवस आधीपासूनच फॉरवर्ड यायला लागतात. गुलाब, फुलपाखरं, 'नारीशक्ती', पार्लरची तीस टक्के सूट आणि 'ती' या एका अक्षरावर रचलेल्या दीड-दोन पानी कविता! आमच्या गावकऱ्यांच्या ग्रुपवर तर एक स्पेशल आयटम असतो : 'खान्देशकन्या'. चार चौकटी, चार फोटो. पहिल्या चौकटीत डोक्यावरून पदर घेतलेल्या बहिणाबाई चौधरी, दुसऱ्या चौकटीत प्रतिभाताई पाटील, तिसऱ्या चौकटीत टपोऱ्या डोळ्यांची स्मिता आणि चौथ्या चौकटीत, जरा ओढूनताणून हक्क सांगत, लतादीदी. खाली ठळक अक्षरांत : त्रिवार सलाम.

मी मूळची एरंडोलची. पुण्यातल्या ऑफिसात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "एरंडेल तेल तिथलंच का?" दुसरा प्रश्न, "नेमकं कुठे आलं हे?" धुळ्याहून जळगावला निघालात की वाटेत पारोळा लागतं, मग आम्ही. आमच्यापुढे जळगाव तीसेक किलोमीटर. पूर्वी सहा नंबरचा म्हणायचे तो हायवे आता त्रेपन्न नंबरचा झालाय, पण शेवभाजीच्या तर्रीत काही फरक पडलेला नाही. सांगायचा मुद्दा असा की, त्या चौकटींमधल्या बायका आमच्यासाठी परक्या नाहीत. त्यांच्याबद्दल काही म्हणायचा मला थोडा तरी हक्क आहे.

तर म्हणायचंय ते हे, की या सलामांचा मला कंटाळा आलाय.

बायकांचा नाही हं, सलामांचा. कारण प्रत्येक चौकटीखालची ओळ एकाच साच्यातून काढलेली असते. 'एक अक्षरही न शिकता...', 'एका छोट्याशा खेड्यातून थेट...', 'कोणताही गॉडफादर नसताना...'. थोडक्यात काय, तर चमत्कार! आणि चमत्काराची एक सोय असते. त्याला कुणी 'कसं काय?' विचारत नाही. वीज पडावी तशी प्रतिभा पडली, कुणाच्या तरी घरावर पडली, आपण टाळ्या वाजवल्या, विषय संपला. आपल्या घरातल्या मुलीसाठी आपण काय करायचं, हा प्रश्न मग उरतच नाही.

मला त्या चौकटींच्या मागचा हिशेब हवाय. कुणी लिहून घेतलं? पैसे कुणी भरले? दार कुणी उघडलं? राहायची सोय काय होती? मिरवायला हे प्रश्न अगदीच बिनकामाचे आहेत, कबूल. पण आयुष्यं घडतात ती बहुतेक वेळा याच गोष्टींवर.

आधी आमच्या गावची गोष्ट

एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रनगरी, असं आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगतं. बकासुराला भीमानं मारलं ते इथेच. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलात तर जवळचं भीमकुंडही दाखवतील. गोष्ट सगळ्यांना पाठ असते : गाडाभर अन्न, दोन रेडे, भीमाचं जेवण, मग धुलाई.

पण मूळ गोष्टीत एक पात्र आहे, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कुंती. ज्या घरात पांडव आसऱ्याला होते, त्या घरातल्या माणसांचं रडणं ऐकलं तिनं. विचारपूस केली तिनं. 'तुमच्याऐवजी माझा मुलगा जाईल' हा निर्णय घेतला तिनं. युधिष्ठिर तर नंतर चिडला होता की, आई, हे काय करून बसलीस! त्याला पटवलं तेही तिनंच. म्हणजे ऐकणं, ठरवणं, घरातला विरोध मोडून काढणं ही सगळी मॅनेजमेंट कुंतीची. नाव मात्र भीमाचं. जेवणाचंसुद्धा!

कुंतीचा हा किस्सा डोक्यात ठेवा. पुढे जळगावपर्यंत तो आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

पहिली चौकट : जात्यावरून छापखान्यापर्यंत

एरंडोलहून एस.टी.नं जळगावला निघालं की पाळधी मागे पडतं आणि गिरणा नदी यायच्या सुमाराला विद्यापीठाची पाटी दिसते. १९९० साली ते सुरू झालं तेव्हा नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाला! भाषणं करणाऱ्यांना हे वाक्य फार आवडतं. टाळ्या हमखास मिळतात. पण टाळ्यांच्या पुढचं बघू या.

बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. माहेर महाजनांचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आल्या. तिशीत वैधव्य आलं. पदरात तीन मुलं, शेतीची कामं, भाऊबंदकी, वर प्लेगसारख्या साथी. त्या दळताना गायच्या, शेतात काम करताना गायच्या. त्यात वेगळं असं काहीच नव्हतं. त्या काळी प्रत्येक घरात पहाटे जातं फिरायचं आणि प्रत्येक जात्यापाशी कुणी तरी गात असायचं.

वेगळं होतं ते पुढचं. त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी निघाला. आईच्या तोंडून येतंय ते नुसतं गुणगुणणं नाही, हे त्याच्या कानाला कळलं. त्यानं आणि एका मावसभावानं मिळून आईची गाणी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्र्यांना पहिल्या काही ओळींतच कळलं की हे बावनकशी सोनं आहे. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. पहिल्या आवृत्तीत कविता होत्या अवघ्या ३५. पुढे १९६१ च्या 'मानिनी' सिनेमातून त्यांचे शब्द घराघरांत पोहोचले. पाठ्यपुस्तकांनी उरलेलं काम केलं.

आता साखळी मोजा. गाणारं तोंड एक. ओळखणारा कान एक. लिहिणारे हात दोघांचे. मोठा संपादक एक. छापखाना एक. यातली एक कडी निखळली असती, समजा सोपानदेव कवी न होता दुसऱ्या कशात रमले असते, तर? तर बहिणाबाई तशाच गायल्या असत्या, तितक्याच थोर असत्या आणि आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं. त्यांच्या पुस्तकाचा छापील कागद त्यांच्या हातात कधी पडलाच नाही, हेही या हिशेबात धरा.

अजून एक कडी आहे. माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. या गाण्यांची बोली तशीच ठेवली गेली. तिकडची लेवा बोली, तिचे शब्द, तिचे हेल. कुणी तिला इस्त्री करून पुणेरी केलं नाही. ऑफिसमध्ये 'नाही का'च्या जागी चुकून गावाकडचं 'नई का' निघालं आणि शेजारच्या क्यूबिकलमधून खुदकन हसू आलं, असा अनुभव ज्यांना आहे ना, त्यांना या कडीची किंमत कळेल. 'मुलगी हुशार आहे, फक्त जरा बोलणं सुधारायला हवं' असं म्हणणारा कुणी त्या साखळीत असता, तर पुस्तक निघालं असतं, बहिणाबाई निघाल्या नसत्या.

आता आमच्या घरचं सांगते. माझी पणजी दळताना ओव्या म्हणायची. गल्लीतल्या बायका मुद्दाम तिच्या जात्यावर दळायला यायच्या, असं घरी सांगतात. आज त्यातल्या चार ओव्या माझ्या थोरल्या आत्याला येतात. त्या चारांतल्या दोन मुळात आपल्या सासूच्या आहेत, असं धाकट्या आत्याचं म्हणणं आहे! हा वाद दर दिवाळीला होतो आणि फराळ संपला की संपतो. माझी पणजी बहिणाबाई होती, असा दावा मला करायचा नाहीये. ती होती की नव्हती हे आता कळायला मार्गच नाही, एवढंच.

असं मार्गच नसणं टाळता येतं, हे करून दाखवणारी माणसंही आहेत बरं का. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. हजाराहून जास्त गावांतून. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहातून त्या लोकांसमोर येतायत. आणि तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. 'पारंपरिक' असा शिक्का मारून बाईला पुसून टाकलेलं नाही. हे मला फार आवडतं.

चौथी चौकट, आधी : थाळनेरची माय-लेक

क्रम थोडा बदलते. लतादीदींच्या चौकटीवर आमच्या ग्रुपवर दर वर्षी वाद होतो. "अरे, जन्म इंदूरचा, मूळ गोव्याचं मंगेशी, खान्देशचा काय संबंध?" संबंध आहे. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर नावाचं गाव आहे. मास्टर दीनानाथांची सासुरवाडी तिथली, लाड या गुजराती व्यापारी कुटुंबात. पहिली पत्नी नर्मदा गेल्यावर त्यांनी तिच्या धाकट्या बहिणीशी, शेवंतीशी लग्न केलं. याच आपल्या माई मंगेशकर. म्हणजे थाळनेर हे लतादीदींचं आजोळ! आजीकडून त्या लहानपणी गुजराती गरबे शिकल्या होत्या.

गाण्याच्या घराण्याची गोष्ट सांगताना आपण दीनानाथांपासून सुरुवात करतो, आणि ते बरोबरच आहे. पण एप्रिल १९४२ मध्ये दीनानाथ गेले तेव्हा घरात होती पाच मुलं. थोरली लता, वय वर्षं बारा. त्या घराचा डोलारा या मुलीनं सिनेमात काम करून पेलला, हे आपल्याला पाठ आहे. मास्टर विनायकांनी आधार दिला, हेही आपण वाचलेलं असतं. पण रोज संध्याकाळी पाच पोरांना गोळा करून चूल पेटवणारी, थोरलीला स्टुडिओत पाठवणारी आणि ती परत येईपर्यंत जागी राहणारी बाई कोण? तिची चौकट कुठल्याच फॉरवर्डमध्ये नाही. भारतरत्न २००१ साली मिळालं ते लेकीला, आणि ते मिळायलाच हवं होतं. मी फक्त हिशेबाच्या वहीत दोन नावं वाढवतेय : थाळनेरची आजी आणि तिची लेक.

दुसरी चौकट : टेबल टेनिसपासून सुखोईपर्यंत

प्रतिभाताईंचं नाव काढलं की दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी अभिमानानं छाती फुगवते. दुसरी लगेच राष्ट्रपती भवनातल्या पाच वर्षांवर झालेल्या टीकेची, परदेश दौऱ्यांच्या खर्चाची आठवण काढते. टीका झाली होती, ते काही खोटं नाही. पण ते क्षणभर बाजूला ठेवा आणि मला १९६२ सालात घेऊन चला.

बोदवड तालुक्यातल्या नाडगावला १९ डिसेंबर १९३४ ला जन्मलेली मुलगी. वडील वकील. शाळा जळगावात. कॉलेज जळगावातच, मूळजी जेठा म्हणजे आपलं एम. जे. तिथे एम.ए., शिवाय टेबल टेनिस, आणि तेही चषक जिंकण्याइतकं. मग मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी. परत येऊन जळगावात वकिली. आणि १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, जळगावची आमदार! सत्ताविसाव्या वर्षी आपण काय करत असतो? अप्रेझलमध्ये तीन मिळाले की चार यावर रडत असतो.

त्यानंतर १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर, या मतदारसंघातून सलग निवडून येणं. मंत्रिपदं. विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद. १९८६ ते १९८८ राज्यसभेचं उपसभापतिपद. १९९१ ला अमरावतीतून लोकसभा. २००४ मध्ये राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल. आणि २५ जुलै २००७ ला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. तेव्हा बाईला 'राष्ट्रपती' म्हणायचं तरी कसं, यावर पेपरांमधून काय चर्चा रंगल्या होत्या, आठवतंय? २००९ साली पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून त्यांनी सुखोईतून उड्डाण केलं तेव्हा वय होतं चौऱ्याहत्तर. प्रेशर सूटमधला तो फोटो बघून माझी एक मावशी म्हणाली होती, "आपल्याला बसमध्ये खिडकी नसली तर मळमळतं!"

आता हिशेब. 'छोट्याशा खेड्यातून थेट राष्ट्रपती भवन' यातला 'थेट' हा शब्द शुद्ध थाप आहे. मध्ये पंचेचाळीस वर्षांचं राजकारण आहे. आणि त्याच्याही आधी आहे एक कॉलेज. मुलीला पुढे शिकवायचं म्हणजे पुणे-मुंबईला धाडायचं, एवढाच एक रस्ता असता तर? वकिलाच्या घरातसुद्धा त्यावर दहा वेळा विचार झाला असता. एम. जे. जळगावात होतं, घरापासून जवळ होतं, म्हणून पहिलं पाऊल सोपं गेलं.

ही गोष्ट त्यांना स्वतःला नीट कळली असावी. कारण त्यांच्या संस्थेनं पुढे दोन प्रकारची कामं केली. एक, जळगावजवळ बांभोरीला १९८३ मध्ये इंजिनीअरिंग कॉलेज काढलं. दुसरं, मुंबई आणि दिल्लीत नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहं. फॉरवर्डमध्ये सुखोई येतं, वसतिगृह येत नाही. पण मला विचाराल तर मुलींची आयुष्यं बदलण्याच्या बाबतीत सुखोईपेक्षा हॉस्टेलची खोली कितीतरी वरचढ.

तिसरी चौकट : शिरपूरच्या पाटलांची स्मिता

स्मिताबद्दल लिहायचं म्हटलं की हात जरा थरथरतो. आमच्या आधीच्या पिढीतले निम्मे पुरुष तिच्या प्रेमात होते. निम्म्या बायकांना ती व्हायचं होतं.

जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५. पण घर शिरपूरचं. थाळनेर ज्या तालुक्यात आहे, तोच हा तालुका. वडील शिवाजीराव गिरधर पाटील, स्वातंत्र्यलढ्यातले कार्यकर्ते, पुढे राज्यात मंत्री. आई विद्याताई, स्वतः काम करणारी, समाजकार्यात असलेली. घरात राष्ट्र सेवा दलाचं वारं. मुलीनं चारचौघांत उभं राहावं, गावं, बोलावं, मुलांबरोबर शिबिरांना जावं, यात काही विशेष आहे असं ज्या घराला वाटत नव्हतं, तसं हे घर. हे आमच्याकडे आजही सगळ्या घरांना जमत नाही, तेव्हाचं तर सोडाच.

पुढे मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा आता दंतकथेसारखा झालाय. तिथून श्याम बेनेगलांची नजर गेली. 'निशांत', 'मंथन', 'भूमिका'. एकीकडे जब्बार पटेलांचे 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा', दुसरीकडे 'चक्र', 'अर्थ', 'बाजार'. 'भूमिका' आणि 'चक्र' या दोन सिनेमांसाठी राष्ट्रीय पुरस्कार. १९८५ मध्ये पद्मश्री.

यातली 'भूमिका' मला या लेखासाठी हवीय. तो सिनेमा आला अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून. आणि ते आत्मकथन हंसाबाईंनी सांगितलं, अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. पुन्हा तेच बघा! एक बाई सांगते. एक जण ऐकतो. तो लिहून घेतो, छापलं जातं, त्यावर सिनेमा येतो आणि त्यातून दुसऱ्या एका बाईला आयुष्यातला सगळ्यात मोठा रोल मिळतो. हंसाबाईंचं ऐकून घ्यायला कुणी बसलंच नसतं, तर स्मिताचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार कुठून आला असता?

आणि 'उंबरठा'मधली सुलभा. बऱ्या घरची, नवरा वकील, घरात सगळं आहे, आणि तरी ती लांबच्या गावी महिलाश्रमाची नोकरी धरते. १९८२ चा सिनेमा. आज बदलीची ऑफर आलेल्या कुठल्याही विवाहित मैत्रिणीला विचारा, सुलभाला घरच्यांनी विचारलेले प्रश्न तिला अजून येतात का. "मुलीचं काय?" हा तर शब्दशः येतो.

स्मिता गेली १३ डिसेंबर १९८६ ला. वय एकतीस. बाळंतपणानंतर पंधरवड्यात. ज्या बाईकडे नाव होतं, पुरस्कार होते, मुंबईसारखं शहर होतं, तीही बाळंतपणातल्या गुंतागुंतीतून वाचली नाही. 'मिर्च मसाला' ती गेल्यावर आला. या चौकटीखाली सलाम लिहिताना एक ओळ तरी याचीही असावी असं वाटतं. बाईचं आयुष्य कुठे मोठं होतं याचा हिशेब ठेवायचा, तर ते कुठे तुटतं याचाही ठेवायला हवा.

पाचवी चौकट

गेल्या वर्षी मी आठवडाभर एरंडोलला होते. माझ्या मामेबहिणीला, बी.एस्सी. झाल्या झाल्या, पुण्यातल्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती. घरात आनंद होता आणि टेन्शनही होतं. पेढे वाटून झाले होते आणि रुजू व्हायला नऊ दिवस उरले होते.

एक गंमत सांगू? त्या नऊ दिवसांत 'हिला जमेल का?' हा प्रश्न कुणीही विचारला नाही. हुशार आहे, सगळ्यांना मान्य. प्रश्न सगळे दुसरेच. मामा म्हणाले, "रात्री स्टँडवर उतरली तर घ्यायला कोण?" आजीनं विचारलं, "जेवणाचं काय?" शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "पोरगी एकटी कशी राही व माय तठे?" मोठ्या मामांनी जळगावातच काहीतरी बघू असं सुचवलं. हॉस्टेलचं डिपॉझिट होतं बारा हजार, आणि कापसाचे पैसे यायचे होते. चौथ्या दिवशी विषय 'पुढच्या वर्षी बघू' या खान्देशी थांब्यावर येऊन पोहोचला. त्या थांब्यावरून पुढची गाडी सहसा सुटत नाही.

माझी मामी या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी तिनं भाकरी थापता थापता मामांना सांगितलं, "माझा भिशीचा नंबर लागलाय. मी डिपॉझिट भरायला सांगून दिलं." बस्स. मामा दोन मिनिटं गप्प बसले. मग त्यांनी बाहेर जाऊन रिझर्व्हेशनची चौकशी केली.

मला एकदम कुंती आठवली. रडणं तिनं ऐकलं, ठरवलं तिनं, आणि घरातल्या धर्मराजाला कळवलं सगळ्यात शेवटी!

बहीण आता पुण्यात आहे. पहिल्या पगारातून तिनं मामीला मिक्सर घेतला. उद्या ती खूप मोठी संशोधक झाली, तर फॉरवर्डमध्ये तिच्या चौकटीखाली 'एरंडोलच्या छोट्याशा घरातून थेट...' असं काहीतरी येईल. भिशीच्या बारा हजारांचा उल्लेख कुठेही नसेल. न का झाली मोठी संशोधक, तरी ते बारा हजार मला तितकेच महत्त्वाचे वाटतात.

तर मंडळी, करायचं काय?

दोन साध्या गोष्टी.

एक. तुमच्या ओळखीत, घरात, ऑफिसच्या कॅंटीनमध्ये, एखादी मुलगी 'पुढच्या वर्षी बघू'च्या थांब्यावर उभी असेल. तिला मोटिव्हेशनल कोट पाठवू नका. तिला नेमकं काय अडलंय ते विचारा. बहुतेक वेळा ते एवढंसं असतं : डिपॉझिट, खात्रीचं हॉस्टेल, पहिले दोन महिने कुणाच्या घरचा पत्ता, रात्री स्टँडवर घ्यायला येणारं माणूस. आपल्यासारख्या पगारदार लोकांना यातलं एक तरी जमण्यासारखं असतं.

दोन. या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजीजवळ, आत्याजवळ, शेजारच्या म्हातारीजवळ बसा. फोनवर रेकॉर्डर असतो, तो सुरू करा. ओव्या, पाळणे, शेतातली गाणी, भांडणं, जे काही असेल ते येऊ द्या. मध्ये शब्द सुधारू नका. 'हे नको, ते सांग' म्हणू नका. फाइलला तिचं पूर्ण नाव द्या, गावाचं नाव द्या, तारीख टाका. नुसतं 'आजी-१' ठेवू नका. दहा वर्षांनी कुणाची आजी ते कळत नाही.

माझ्या दोन्ही आत्यांच्या त्या चार ओव्या मी तशाच रेकॉर्ड केल्यात, भांडणासकट. थोरलीचं म्हणणं तिच्या नावानं, धाकटीचं तिच्या नावानं. दोघींनीही मग एकमेकींना हरवायच्या नादात आणखी तीन आठवल्या. आता एकूण सात आहेत.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर जळगावकडे कुणी जाणार असेल, तर येताना भरताची वांगी घेऊन या. हिशेब मी चुकता करीन!